बुक्का लागलेल्या गोळ्या

औषधाच्या यंत्रांचं प्रदर्शन म्हणजे काय असतं, हे आम्हा शेंद्र्याच्या माणसांना काय ठाऊक! पण पोरानं तिथं स्टॉल घेतला म्हटल्यावर जाणं आलं. मी धुतलेली टोपी घातली. आमच्या वच्छलाबाईंनी ठेवणीतलं पातळ काढलं आणि बुक्क्याची डबी कनवटीला लावली. कीर्तन असो की लग्न, ती डबी सोबत हवीच. भेटेल त्याच्या कपाळाला बोट लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

हॉलमध्ये शिरलो आणि मी तर कीर्तनाच्या मांडवात आल्यासारखा हरखलो. दिव्यांचा लखलखाट, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं. कुठं गोळ्या पाडणारं यंत्र, कुठं बाटल्यांना झाकणं बसवणारं. एकेकाचा ठेका असा, की वाटलं, टाळ आणायला हवे होते.

आमचा सुदर्शन आणि त्याचा जोडीदार अल्तमश यांचं यंत्र अगदी कोपऱ्यात होतं. गोळ्या पट्ट्यावरून पळतात, वरून कॅमेरा बघतो, आणि डागाळलेली गोळी दिसली की यंत्र हवेची फुंकर मारून तिला बाजूला उडवतं. नोकऱ्या सोडून दोघं बजाजनगरच्या शेडमध्ये ह्याच्यामागं लागलेले. ह्या प्रदर्शनात एखाद्या कारखान्यानं चाचणीला घेतलं तर ठीक, नाहीतर शेडला कुलूप आणि दोघं पुन्हा नोकरीवर, असं ठरलेलं. मोठ्या मिनतवारीनं तात्यासाहेब बघायला यायचे होते. त्यांचा गोळ्यांचा कारखाना आहे.

ते आले. सुदर्शननं बटण दाबलं. गोळ्या पळाल्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, सगळ्या सरळ पुढच्या डब्यात. एकही उडेना.

"पट्टा छान पळतोय," तात्यासाहेब म्हणाले. "पण खराब गोळी कुठं पकडली ह्यानं?"

अल्तमश टेबलाखाली शिरला. "चाची, वो डागवाल्या गोळ्यांचा डब्बा देखा क्या? लाल झाकणाचा?"

"त्यो व्हय?" वच्छलाबाई खुशीत म्हणाल्या. "आरं, असल्या घाण गोळ्या कामून न्यायच्या लोकांपुढं? कालच समद्या निवडून फेकल्या मी. डबा धुतला न् चांगल्या भरल्या."

सुदर्शन मटकन खुर्चीत बसला. "माय, घाण गोळ्या दाखवायलाच तर आलोत गं आपण!"

"मशीन का काम तो चाचीनेच कर डाला," अल्तमश कपाळावर हात मारत म्हणाला.

तात्यासाहेब हसले, पण घड्याळाकडं बघून. "खराब गोळ्या मिळाल्या की बोलवा," म्हणत निघालेच.

मी मनातल्या मनात नाम घ्यायला लागलो. वच्छलाबाई मात्र पाहुण्याला कोऱ्या कपाळानं कशाला जाऊ देतात! "थांबा भाऊ, येवढं लावू द्या," म्हणत त्या यंत्रावरूनच पलीकडं वाकल्या. डबीचं झाकण घट्ट बसलेलं. ओढलं, निघेना. दातांत धरून जोर लावला, आणि फट्‌कन उघडलं ते असं, की अर्धा बुक्का यंत्राच्या तोंडाशी, पट्ट्यावर गोळ्या सोडणाऱ्या परातीत.

"माय गं!" सुदर्शन बटणाकडं झेपावला. पण यंत्र चालूच होतं, आणि त्याचा हात पोचायच्या आतच...

फुस्!

काळ्या ठिपक्याची एक गोळी उडाली ती बाजूच्या डब्यात. फुस्! दुसरी. मग फुस्-फुस्-फुस् असा काही ठेका धरला त्यानं, की माझे हात आपसूक टाळ्या वाजवायला लागले. पांढऱ्या पुढं, बुक्क्याच्या बाजूला. सगळीकडं बुक्क्याचा वास दरवळला. शेजारच्या स्टॉलची टायवाली मंडळीही बघायला गोळा झाली.

तात्यासाहेब परत फिरले. पुढच्या डब्यातल्या गोळ्या तळहातावर घेऊन उजेडात उलटसुलट बघितल्या. डाग नाही. मग हळूच नखाच्या टोकानं एका गोळीला दिसेल न दिसेल एवढा बुक्क्याचा ठिपका लावला, ती परातीतल्या ढिगात मिसळली आणि डोळे बारीक करून उभे राहिले.

फुस्!

"त्याच्यापुढं लबाडी चालत नाय भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या.

तात्यासाहेब खळखळून हसले. सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी आणून लावा माझ्याकडं. महिनाभर चालवून बघू. आणि वहिनी, माझा बुक्का राहिला की!"

त्यांनी कपाळ पुढं केलं. वच्छलाबाईंनी डबीच्या तळाला बोट फिरवून ठसठशीत टिळा लावला. भारी कोट आणि कपाळावर बुक्का, असे तात्यासाहेब त्या झगमगाटातून गेले तेव्हा मला ते थेट आमच्या टाळकऱ्यांतले वाटले.

वच्छलाबाई यंत्राकडं बघत राहिल्या. "आमच्या कीर्तनात बुक्का लागला की माणूस आत येतो. तुमचं यंत्र तर त्यालाच भाईर काढतंय रं!"

"भाईर काढलं म्हणूनच त्यांनी आपल्याला आत घेतलं ना, चाची!" अल्तमश म्हणाला, आणि सुदर्शन डोळे पुसत हसत सुटला.

संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या बाईनं त्या काळ्या गोळ्यांच्या डब्याला हात घातला, तशा वच्छलाबाई आडव्या आल्या.

"आवं बाई, फेकू नका! उद्या पण लोक यायचेत."

आणि सगळ्या गोळ्या पदरात ओतून त्यांनी गच्च गाठ मारली.