तेजूचं वजन

दर महिन्याला वरवंडच्या अंगणवाडीत मी गावची पोरं वजनकाट्याला लावते आन् वजन कमी भरलं की त्यांच्या आयांना झापते. मघाशीच सुलक्षणाला सगळ्यांदेखत म्हणाले, "लेकीला भरवायला वेळ न्हाई व्हय गं तुला?"

माझी तीन वर्षांची तेजश्री दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असते, म्हणून तिचं वजन मी अंदाजानंच लिहायचे.

आज तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी राहिली. बसवा तिला."

तेजू काट्याच्या झोळीत बसली. काटा थरथरत दहा किलोवर थांबला. वहीत मी तेरा लिहिले होते.

सुलक्षणानं पुढं होऊन तेजूला झोळीतून उचललं.

"बाई, तुम्ही वजनं करा. हिला मी भरवते."