स्टिकरखालचं नाव

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या पोटात आता बिस्किटं नाहीत. दोन ट्रान्झिस्टर, एक बोटभर ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या रेडिओतून काढलेले दोन डायोड आहेत. पाठीवर पायाने दाबायचं बटण आहे. गिटारची वायर एका बाजूने माझ्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने अँप्लिफायरकडे जाते. मधल्या मध्ये मी सूर खरखरीत करतो आणि त्याच्यावर वरच्या सप्तकातला तोच सूर चढवतो. याला ऑक्टेव्ह फझ म्हणतात. नाव परदेशी आहे, मी नाही. माझा सगळा संताप त्यावरूनच आहे.

मला १९९८ साली शिरूरमध्ये दीक्षाने बनवलं. पाबळला तांत्रिक शिक्षण घेऊन आलेली ही मुलगी वस्तीतले रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायची. तिचा थोरला भाऊ महेंद्र हौसरावांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. त्याचा अँप्लिफायर जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा होता, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डसाहेबांकडून घेतलेला. चालू केल्यावर अर्धं मिनिट तोंड उघडायचा नाही, पण एकदा तापला की आवाज कसा भरदार!

पार्टीच्या कार्यक्रमाची सुरुवात साहेबराव आबांच्या सनईने होत असे. त्या वर्षी दम्यामुळे आबांना श्वास पुरेना. चौदा एप्रिलची जयंती तर तोंडावर आलेली. तेव्हा गिटारमधूनच सनईच्या वळणाचा आवाज काढायचा, असं महेंद्रने ठरवलं.

हौसराव पुण्याला जाऊन असलंच यंत्र, एक चकचकीत परदेशी पेडल, बोलीवर घेऊन आले. पसंत पडलं नाही तर परत. दुकानात त्यांनी ते दुकानदाराच्या साध्या अँप्लिफायरवर ऐकलं होतं. आपला अँप्लिफायर व्हॉल्व्हचा आहे, तो तापला की स्वतःच सुराला धार आणतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दीक्षाने मात्र मला त्या अँप्लिफायरसमोर बसूनच जोडलं. आठ दिवस ती एक डायोड काढायची, दुसरा लावायची आणि कान देऊन ऐकायची. शेवटी खिळ्याने झाकणावर कोरलं, ‘दीक्षा, शिरूर’.

निवड आबांनी करायची ठरली. ते भिंतीकडे तोंड करून बसले. महेंद्रने आधी परदेशी पेडल लावलं, मग मला. माझा एक हट्ट आहे. एका वेळी एकच तार छेडायची, दोन छेडल्या की मी गोंधळ घालतो. महेंद्रला ते ठाऊक होतं. गिटारच्या मानेवर वरच्या अंगाला बोटं नेऊन त्याने एकेक सूर सावकाश काढला.

“दुसरं घ्या,” आबा म्हणाले. “पयल्यात नुसती बोंब हाय. ह्यात वरचा सूर येगळा ऐकू येतो.”

हौसरावांनी निवाडा मान्य केला. परदेशी पेडल परत गेलं. पण जयंतीच्या दिवशी सकाळी ते एका परदेशी कंपनीचं स्टिकर घेऊन आले आणि खिळ्याने कोरलेल्या नावावर त्यांनी ते दाबून चिकटवलं. बिस्किटाचा डबा बघून लोक पार्टीला हसतील, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी माईकवरून त्यांनी जाहीर केलं, की खास परदेशातून यंत्र मागवलं आहे. टाळ्या पडल्या. पुढे बायकांमध्ये दीक्षा बसली होती. माणसाच्या मानाची गाणी जोरात चालली होती आणि त्याच व्यासपीठावर एका मुलीचं नाव दडपलं होतं! हौसरावांचा मला राग आलाच. त्याहून जास्त राग आला महेंद्रचा. सख्खा भाऊ, शेजारीच उभा होता, खाली मान घालून तार पिळत राहिला.

असं तीन वर्षं चाललं. तळेगाव ढमढेऱ्याच्या कार्यक्रमाआधी माझ्या आतली एक तार सुटली आणि मी मुका झालो. हौसराव मला घेऊन दीक्षाकडे आले. तिने हातही लावला नाही.

“मामा, भाईरून आणलंय न्हवं? मंग भाईरच धाडा.”

ते पुण्याला गेले. दुकानदाराने मला उघडून बघितलं, हे कुठल्याच कंपनीचं नाही म्हणाला आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी महेंद्र एकटाच मला घेऊन बहिणीकडे आला. स्टिकर नखाने खरवडून काढलं आणि चुकलं म्हणाला.

“मला सांगू नगंस, दादा,” दीक्षा म्हणाली. “माईकवर सांग. लगीच जोडून देते.”

माईकवर सांगू का, असं महेंद्रने हौसरावांना विचारलं. आता लोकांना काय तोंड दाखवायचं, असं ते म्हणाले. महेंद्रने मला त्यांच्याच हवाली केलं आणि मी हौसरावांच्या कपाटात गेलो.

दीक्षाचं काही अडलं नाही. शिरूरमध्ये आज तिचं स्वतःचं दुकान आहे आणि पाटीवर तिचं नाव आहे. अडलं माझं, आणि आबांचंही. आपल्या जागी वाजणारा तो सूर पुन्हा न ऐकताच ते गेले.

मित्रांनो, हौसरावांच्या घरी दर जयंतीला कपाट उघडतं. ते मला बाहेर काढतात, स्वच्छ फडक्याने पुसतात, झाकणावर कोरलेली अक्षरं वाचतात आणि परत आत ठेवतात. याला निगा म्हणू नका. वस्तू जपायची असेल तर ती कोणी बनवली ते चारचौघांत सांगा. माझी एकच तार सुटली आहे. जोडायला दहा मिनिटं लागतील. दीक्षाचं नाव घ्यायला तेवढीही लागणार नाहीत.