दोन घटका उशिरा

मैनाबाई मुंबईत उतरली तो दिवस चैत्र वद्य प्रतिपदेचा. दर्यापुराहून निघालेल्या कापसाच्या गाड्यांबरोबर ती आठ दिवस आणि पुढे रुळांवरून दोन दिवस आली होती. नवऱ्याला घरी नेण्यासाठी.

तिचा नवरा पुंजाराम भोई माघात कापसाच्या गाठींचा राखणदार म्हणून आला होता. साहेबांना कापूस पुरवणाऱ्या दूरच्या मुलखात लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या गाठींना जहाजं पुरेनाशी झाली. कुलाब्याच्या मैदानावर त्या गाठी घराएवढ्या उंच रचून ठेवलेल्या होत्या. जहाज मिळालं की राखणदार मोकळा. पुंजारामच्या गाठी फाल्गुनातच गेल्या होत्या. तरी तो दुसऱ्यांच्या गाठी राखत थांबला होता.

"काहून थांबले तुमी?" मैनाबाईनं विचारलं.

"एक मासा राह्यला."

"मासा?"

"जिताडा म्हंतेत त्याले. हे एवढा!" त्यानं दोन्ही हात पसरले. "तीनदा गळाले लागला, तीनदा दोरी तोडून गेला. तो धरल्याबिगर मी गावात तोंड दाखवत नाही."

मागे गाठींच्या सावलीत बसलेला मुकादम जानराव हसला. "वहिनी, सगळ्या मैदानाले सांगून बसला हा. भोयाच्या पोटचा हाय म्हणे, मासा मले हरवते का!"

मैनाबाई हसली नाही. गावच्या पूर्णा नदीवर पावसाळ्यात लोकांना पार नेणारा डोंगा चालवण्याचं काम गावचे पंजाबराव पाटील दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवून देत. त्या सकाळी काठावर बांबू घेऊन जो भोई आधी येऊन उभा असेल, त्याचा डोंगा. पुंजारामच्या घरात तो तीन पिढ्या होता. या वर्षी त्याचा चुलतभाऊ नत्थुजी नवा बांबू तासून बसला होता. आखाजीला सतरा दिवस उरले होते आणि वाटेत दहा जाणार होते.

तिनं ते सांगितलं. पुंजारामनं समुद्राकडे बोट केलं. मग म्हणाला, "येत्या एकादशीले तो सापडते. दुसऱ्या दिवशी निघू."

"एकादशीलेच काहून?"

"तीनही येळा एकादशीलेच लागला."

"एकादशीच्या दिवशी मासा धरते, मंग देव तोडणार नाही त दोरी?" जानराव म्हणाला.

मैनाबाईनं बोटांवर मोजलं. एकादशी दहा दिवसांनी. त्यानंतर निघून आखाजीला पोचणं शक्य नव्हतं. पण तीन एकादश्या लागोपाठ, हे तिच्या मनातून गेलं नाही. मासा काही पंचांग पाहत नाही. मग तो पाहतो तरी काय?

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती त्याच्याबरोबर खडकावर गेली. बंदरात गलबतांच्या डोलकाठ्या दाट उभ्या होत्या. खडकाशी मात्र पाणी मेल्यासारखं पडलं होतं, खाली चिखल दिसत होता. पुंजारामनं कोळंबी लावून गळ फेकला आणि पूर्णेवर बसायचा तसा उकिडवा बसला. न्याहारीच्या वेळेपर्यंत काही लागलं नाही. तो राखणीवर निघून गेला.

मैनाबाई बसून राहिली. तो गेल्यावर थोड्याच वेळात पाणी हललं आणि उलटं, आत येऊ लागलं. ती उठून उभीच राहिली. चाळीस वर्षांत तिनं पाणी एकाच दिशेला जाताना पाहिलं होतं.

गाठींच्या थप्पीची सावली तेव्हा जिथवर पोचली होती तिथे तिनं एक खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी फिरलं तेव्हा सावली आखूड झाली होती. तिनं दुसरा खडा ठेवला. तिसऱ्या दिवशी तिसरा, थप्पीच्या आणखी जवळ.

शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेली कोळीण हिराबाय तीन दिवस हे पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "काय गो बाय, सागरगोटे खेलतेस का?"

"पाणी मोजून राहिली. रोज उशिरा येते ना हे?"

"दोन घटका. रोजच्या रोज. तुज्या दादल्याला आमी सांगितला, भरती बघून ये. तो म्हनतो, मासा पहाटेच खातो, मला शिकवू नको!"

मैनाबाई हसली. आता सारं जुळत होतं. रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, सरकता सरकता भरती पंधरा दिवसांनी फिरून पहाटेला येत होती, आणि तो दिवस एकादशीच्या आसपास पडत होता. पुंजाराम रोज एकाच वेळी जाई आणि पाणी पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या वेळेला येई.

संध्याकाळी तिनं त्याला हे सांगितलं.

"मासा पहाटेच खाते," तो म्हणाला.

"पूर्णेतला. हा पाणी चढते तवा खाते. उद्या दुपारच्या आत पाणी चढतं राहीन. तवा या."

"तवा माही राखण हाय."

"मंग मी बसतो."

पुंजाराम मोठ्यानं हसला. त्याचा गळ आणि दोरी गाठींवर वाळत पडली होती. रोज संध्याकाळी तो ती पसरत असे, नदीवर बाप पसरायचा तशी. दोरी घरच्या कापसाची होती, मैनाबाईनंच कातून वळलेली. तिनं एक टोक बोटांत धरून झटका दिला. दोन पीळ तटकन तुटले. तिनं दुसरं टोक तोंडात ओलं केलं आणि तसाच झटका दिला. पीळ टिकला.

"कोरडं सूत तुटते, ओलं धरते," ती म्हणाली. "आन् तुमी वाळवून फेकता."

तिनं तुटका भाग कापून टाकला आणि उरलेली दोरी पाण्याच्या घागरीत सोडली. या वेळी पुंजाराम हसला नाही.

पंचमीला पाणी फिरलं तेव्हा तिनं चौथा खडा ठेवला आणि खडकावर जाऊन गळ टाकला. ऊन चढलं. चिखल बुडाला, खडकाचा पाय बुडाला. थप्पीवर बसलेला पुंजाराम मान वळवून वळवून पाहत होता.

मग दोरी हातातून सरसरत गेली. मैनाबाईनं ती खडकाच्या कंगोऱ्याला दोन वेढे देऊन धरली. दूरवर चांदीसारखं काही पाण्याबाहेर उसळलं आणि आपटलं. दोरी ताठ झाली, तिच्यातून थेंब उडाले. तुटली नाही.

"जा बावा, जा!" जानराव ओरडला. "गाठी काही पळून नाही जात!"

पुंजाराम धावत आला आणि धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात उतरला. मैनाबाई ओढायची, सैल सोडायची, पुन्हा ओढायची. मासा थकून कुशीवर आला तसा त्यानं कल्ल्याकडे हात नेला.

"कल्ल्यात हात घालू नको रं!" हिराबाय किंचाळली. "बोटां कापंल! जबरा धर, जबरा!"

त्यानं खालचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि मासा छातीशी घेऊन वर आला. त्याचं शेपूट गुडघ्याखाली लोंबत होतं. मैदानावरचे सगळे वऱ्हाडी राखणदार भोवती जमले.

"कोनी धरला म्हणायचं?" जानरावानं विचारलं.

पुंजाराम धापा टाकत होता. त्यानं बायकोच्या हातांकडे पाहिलं. दोरीचे लाल वळ उठले होते.

"हिनं," तो म्हणाला. "मी फक्त उचलून आणला."

"मंग तुमची आण फिटली का नाही?" मैनाबाईनं विचारलं.

"फिटली." त्यानं वळून पाण्याकडे पाहिलं. "पण उद्या पाणी कवा चढते?"

"उद्या आपुन आगगाडीत राहू."

मासा त्यांनी हिराबायला दिला. तिनं अर्धा कापून, मीठ-हळद लावून वाटेसाठी परत दिला.

आखाजीच्या सकाळी पुंजाराम पूर्णेच्या काठावर बांबू घेऊन उभा होता. नत्थुजी आपला नवा बांबू खांद्यावर टाकून आला. त्याला पाहून थबकला आणि तसाच बाजूला जाऊन बसला. पंजाबराव पाटलांनी डोंग्याचा नारळ पुंजारामच्या हाती दिला. लोक पांगले तसा नत्थुजी जवळ सरकला.

"समुद्राचं पाणी उलटं येते म्हणे?"

"येते. रोज दोन घटका उशिरा."

"काहून?"

पुंजारामनं नारळ बायकोच्या ओंजळीत ठेवला.

"मले नाही ठाऊक. हिले इचार. खडे हिनं ठेवले."

"काहून, ते अजून मलेबी समजलं नाही," मैनाबाई म्हणाली. "पण कवा येते, ते सांगतो. बस."