मुकी जोडबासरी

भिंतीवर टांगायच्या जोडबासऱ्या मी मुक्याच बनवतो. आलुबुखाराच्या लाकडात दोन नळ्या, भोकं, नक्षी सगळं असतं. फक्त सूर निघायला तोंडापाशी जी बारीक फट तासावी लागते, ती मी तासत नाही. त्यात अख्खी सकाळ जाते, आणि झाग्रेबची गिऱ्हाइकं कुठे वाजवून बघतात!

मियात वारला तेव्हा त्याचा थोरला भाऊ शिमून माझ्या दारात आला. दोघांनी जन्मभर मेंढ्यांमागे जोडबासऱ्या वाजवल्या होत्या.

"बार्तोल, मियातची केव्हाच तडकली रे. शवपेटीत त्याच्या हाताशी ठेवायला एक दे."

मी खुंटीवरची मुकीच काढून दिली. मेलेला माणूस काय वाजवणार, म्हटलं.

दफनभूमीत, पेटी बंद करायच्या आधी, शिमूनने तीच बासरी उचलून ओठांना लावली. "थांबा, त्याची एक धून वाजवतो."

त्याने फुंकलं. नुसता वारा. पुन्हा फुंकलं. गाल लाल झाले, मानेच्या शिरा फुगल्या. बायका खाली बघायला लागल्या.

"माझाच दम संपला रे," तो मला म्हणाला. "ऐंशीचं खोकड झालंय."

"होतं असं, शिमूनदादा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो मी!

पेटी मातीखाली गेली. परवा शिमून स्वतःची बासरी घेऊन आला. सुरेल, माझ्याच हातची.

"भिंतीवर लाव ही," म्हणाला. "मला आता फुंकता येत नाही."