तळव्यातले भोक

मित्रांनो, मी तान्ह्या बाळाचा एक जुना बूट आहे. माझ्यासोबत आलेल्या पत्राला पाच महिने उत्तर गेले नाही. गोष्ट तिथूनच सांगतो. नीट जमेल की नाही, शंकाच आहे.

उत्तरेकडच्या तळ्याकाठी अडेल आजीने मूस हरणाचे धुरी दिलेले कातडे कापून मला आणि माझ्या जोडीदाराला शिवले. आमच्या तळव्यांत तिने एकेक भोक ठेवले. मग आपल्या क्री जमातीच्या लिपीत पत्र लिहून आम्हाला कॅनडातल्या विनिपेग शहरी मुलाकडे, अँब्रोजकडे पाठवले. त्याला मुलगी झाली होती, रोझाना.

अँब्रोज बूट दुरुस्त करायचा. लहानपणीच त्याला सरकारी माणसांनी वसतिशाळेत नेले होते, तिथे आपली भाषा बोलायला-लिहायला बंदी, म्हणून त्याची लिपी सुटली. हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटे. पत्र तो नुसतेच खिशात बाळगी.

"आईची नजर गेली वाटतं," म्हणत त्याने आमच्या भोकांवर ठिगळे लावली. लोकांनी टाके वाखाणले. मीही फुगलो, खोटे कशाला बोलू?

हिवाळ्यात रोझानाला न्यूमोनिया झाला. इस्पितळात तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता. "आजचा दिवस कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. आम्ही तिच्या पायांतच होतो.

मूळची तळ्याकडचीच, आता शहरात शेजारी राहणारी फिलोमीन भेटायला आली आणि आमच्याकडे बघून थबकली.

"ही ठिगळं कुणी लावली?"

"मीच, मावशी. फाटके आले होते."

"फाटके? अरे शहाण्या, सोबत पत्र नव्हतं?"

अँब्रोजने ते काढले. "वाचता येत नाही मला."

"साऱ्या शहराचे बूट शिवतोस, आणि आईचं पत्र पाच महिने खिशात? आण इकडे!" तिने वाचले, "'पलीकडच्या वाटेवरून कुणी बाळाला हाक मारली, तर ते म्हणेल, माझे बूट फाटलेत, इतक्या लांब नाही यायचं मला. भोकं बुजवू नकोस. आणि तू कधी येतोस?'"

अँब्रोजने सुरी काढली. हजारो टाके घातलेल्या हाताने तो घाईघाईने टाके उसवू लागला. पाते मला लागले. तो ओरखडा अजून आहे. ठिगळे निघाली. श्वास तसाच घरघरत राहिला. अँब्रोज आमच्यावर हात ठेवून बसून राहिला, तीन दिवस.

चौथ्या दिवशी रोझाना भुकेने रडली. औषधाने की आमच्यामुळे, मला ठाऊक नाही. तो मान मला नको. पण मित्रांनो, कुणी मायेने केलेले काही चुकीचे दिसले, तर शिवण्याआधी त्याला एकदा विचारा.

घरी आल्यावर अँब्रोजने कागदावर लेकीचे पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तळव्यात एक लहान वर्तुळ काढले. खाली मावशीला विचारून, आईच्या लिपीत, एकच शब्द लिहिला, 'येतोय'. आणि ते पाकीट स्वतः जाऊन टपालपेटीत टाकले.