मी किल्लीवाल्या मावशींचा जिना

मित्रांनो, चार मजली इमारतीच्या पोटात उभा असलेला मी एक जुना जिना आहे. माझ्या पायऱ्या अडुसष्ट. कोणी विचारत नाही, म्हणून आपणहूनच सांगून टाकतो.

मला घडवणारा गवंडी मोजकं बोलायचा. एक पायरी बसवली की काठोकाठ भरलेली बादली उचलायचा आणि खालपासून तिथपर्यंत चढून यायचा. पाणी सांडलं की पायरी उखडायची आणि पुन्हा बसवायची. "चढणाऱ्याला पायरीकडे बघावं लागलं तर गवंड्याने काय केलं?" असं तो म्हणे. मग सुताराने लाकडी कठडा बसवला. तो इतका गुळगुळीत झाला की पहिल्याच आठवड्यात मुलं त्यावरून घसरू लागली आणि एकाची चड्डी फाटली. सुताराने फाटलेली चड्डी पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

त्या काळी माझ्यावाचून इमारतीचं पान हलत नसे. कपाटं माझ्यावरून चढली, पाळणे चढले, परीक्षेचे निकाल दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. वर जाणारा आणि खाली येणारा वळणावर समोरासमोर आले की दोन शब्द झाल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. पाहुणे म्हणायचे, "चढ मुळीच जाणवत नाही हो." ते ऐकून मला किती बरं वाटायचं.

माझ्यावर सर्वांत जास्त पावलं पडली ती मावशींची. मावशी चौथ्या मजल्यावर धाकट्या बहिणीबरोबर राहतात. धाकटी शिवणकाम करायची. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापल्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवायला दिली. पाहता पाहता इमारतीतल्या बाकीच्या पंधराही घरांच्या किल्ल्या त्यांच्या भिंतीवरच्या फळीवर लटकू लागल्या. कोणत्याच किल्लीला चिठ्ठी नव्हती. "चिठ्ठ्या माझ्या डोक्यात आहेत," मावशी म्हणायच्या. कोणाचं दार अडलं की स्वतः किल्ली घेऊन उतरायच्या. दिवसातून चार-पाच फेऱ्या सहज व्हायच्या. देवाचं नाव घेत हळूहळू चढणारी त्यांची पावलं मी झोपेतही ओळखली असती.

मग लिफ्ट आली. तिला आरसा होता, दिवा होता, मजला आला की ती गोड आवाजात सांगायची. मी तिच्यावर रागावलो नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याने काय करावं? पण हळूहळू ज्यांचे दुखत नव्हते तेही तिच्यातून जाऊ लागले. माझ्या वळणांवर मोडक्या खुर्च्या आल्या, रंगाचे डबे आले, सुकलेल्या रोपांच्या कुंड्या आल्या. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला, तो कोणी बदलला नाही. मावशींनाही शेजारी प्रेमाने म्हणू लागले, "तुम्ही कशाला उतरता? बसा. आम्हीच येऊन किल्ली नेतो." मावशी बसल्या, त्या सहा वर्षं बसूनच राहिल्या.

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या छायाचित्रकाराने मावशींना फोन केला. तो बाहेरगावी होता. त्याची बहीण कॅमेऱ्याची बॅग न्यायला येणार होती, आणि तिने त्याचं घर आधी पाहिलेलं नव्हतं. ती आली, तिने चौथ्या मजल्यावर जाऊन किल्ली घेतली. मावशी म्हणाल्या, "दुसरा मजला, डावीकडचं दार." दार उघडलं, बाई आत गेली. थोड्याच वेळात एक किंकाळी ऐकू आली, आणि ती बाई माझ्या पायऱ्यांवरून धडपडत खाली पळाली. मागे छत्री उगारून संगीतशिक्षिका. घर तिचं होतं, ती दुपारची झोपली होती आणि जाग आली तेव्हा एक अनोळखी बाई तिचं कपाट उचकत होती.

संध्याकाळी तळमजल्यावर, माझ्या पायाशीच, सभा भरली. बहिणीला आधार देत धाकटी लिफ्टने खाली आली. दोघींच्या हातात किल्ल्यांची फळी होती.

"मावशी, राग मानू नका," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "वय झालं की होतं असं. ज्याची किल्ली त्याने घेऊन जावी, म्हणजे प्रश्नच मिटला."

मावशी एकेक किल्ली काढून ज्याच्या त्याच्या हातात देऊ लागल्या. अकरा दिल्या. बाराव्या किल्लीशी त्यांचा हात थांबला. ती त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. शेवटी चार घरांच्या माणसांनी आपापल्या किल्ल्या स्वतःच ओळखून उचलल्या. मावशी रिकामी फळी छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरल्या. इतकी वर्षं ज्यांनी दारं राखली, त्यांचा आपल्याच डोक्यावरचा भरवसा उडाला होता. तो परत येईल का, एवढा एकच प्रश्न आता त्यांच्यापुढे होता.

पुढचं मला बहिणींच्या बोलण्यातून कळलं. धाकटी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, कान तपासले, रक्तदाब पाहिला. मोठा आजार काही निघाला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर करता काय?"

"बसते," मावशी म्हणाल्या.

"मग आता बसणं कमी करा."

त्यांनी समजावून सांगितलं, की वयाबरोबर मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग थोडा थोडा आकसतो. रोज अंगाला व्यायाम झाला, श्वास जरा वाढला, की मेंदूला रक्त चांगलं मिळतं, आणि ते आकसणं मंदावू शकतं. पुष्कळांची स्मरणशक्ती थोडी सुधारतेही. "पण ही जादू नाही. महिने लागतील, आणि नेम मोडायचा नाही," असंही त्या म्हणाल्या.

नेमाचं मावशींना कोणी सांगायला नको होतं. धाकटीने मात्र आधी सेक्रेटरींना गाठलं.

"ताईची किल्ली चुकली तेव्हा सभा भरवलीत. आता जिन्यावरच्या खुर्च्यांसाठीही भरवा."

"अहो, त्या माझ्याच आहेत," सेक्रेटरी पुटपुटले.

"मग सभेची गरजच नाही. न्या."

दोन दिवसांत माझी वळणं मोकळी झाली आणि दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला.

पहिल्या सकाळी मावशी लिफ्टने खाली आल्या, कठडा धरला आणि चढू लागल्या. आठव्या पायरीवर दम लागला. तिथेच बसल्या. मी त्यांना उचलू शकत नव्हतो, फक्त खाली घट्ट उभा राहू शकत होतो. त्या दिवशी एकच मजला झाला. दुसऱ्या दिवशीही एकच. धाकटीचे गुडघे दुखतात, म्हणून ती चौथ्या मजल्यावर स्टूल टाकून बसायची आणि वरून विचारायची, "ताई, कुठपर्यंत आलीस?"

"पहिल्यावर. इथे तो दात काढणारा राहतो, आणि त्याच्यासमोर बेकरीवाला."

"म्हणजे एक दात बिघडवतो, एक काढतो. छान शेजार."

मावशी हसायच्या, मग दम पुन्हा जमवावा लागायचा.

पहिले दोन महिने काहीच बदललं नाही. एकदा दूध उतू गेलं, एकदा चष्मा डोळ्यांवर असताना शोधला. माझ्या तिसऱ्या वळणावर बसून मावशी म्हणाल्या, "उगाच पाय झिजवतेय गं. डोक्यात काही राहत नाही."

"राहत नाही कसं? रोज सकाळी न सांगता उठतेस, ते कुठून आठवतं?" धाकटी वरून म्हणाली. "आणि एक्स्चेंजमध्ये तरी तू मोठी अचूक होतीस? त्या बिचाऱ्या नवऱ्याला बायकोऐवजी सासूशी जोडून दिलंस."

"ते मुद्दाम दिलं होतं. तो तीन महिने तिला फोन करत नव्हता."

मावशी उठल्या आणि उरलेल्या पायऱ्या चढल्या.

चौथ्या महिन्यात त्यांना रात्रीची झोप चांगली लागू लागली. मग स्वयंपाकघरात कशासाठी आलो ते आठवू लागलं. पावलं हलकी झाली, हे तर मला आधीच कळलं होतं. सकाळी दारं उघडायची, कोणी ख्यालीखुशाली विचारायचं, बेकरीवाला गरम पाव हातात ठेवायचा. हे जिन्याने झालं की या गप्पांनी, असं धाकटीने विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही चालू ठेवा."

दहा महिने झाले. एका सकाळी मावशी दुसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर संगीतशिक्षिका दारात उभी.

"मावशी, पंधरा दिवस भावाकडे जातेय. ही ठेवा." तिच्या हातात किल्ली होती.

मावशींनी हात पुढे केला नाही. "माझाच माझ्यावर भरवसा नाही गं अजून."

"माझा आहे. आणि पुन्हा कोणी आलंच तर छत्री दाराशीच ठेवलीय."

मावशींनी किल्ली घेतली. त्या दिवशी चारही मजले त्या न बसता चढल्या. वर जाताच त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा कापायला घेतला.

"तू आणि चिठ्ठी?" धाकटी म्हणाली.

"डोकं बरं चाललं म्हणून चिठ्ठी लावू नये, असं कुठे लिहिलंय? गर्व कमी झाला की किल्ली नीट राहते."

पंधरा दिवसांनी संगीतशिक्षिका परत आली, तोवर आणखी दोन घरांच्या किल्ल्याही मावशींकडे आल्या होत्या. मावशी चिठ्ठी न वाचताच तिची किल्ली घेऊन माझ्यावरून उतरल्या, तिच्या दारापुढे थांबल्या आणि आधी किल्ली तिला दिली. मग म्हणाल्या, "आता चिठ्ठी बघ." बरोबर होती. संगीतशिक्षिकेने चिठ्ठी वाचली आणि किल्ली पुन्हा मावशींच्याच हातात ठेवली. "फळीवर लावा," ती म्हणाली.

आता फळीवर नऊ किल्ल्या आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी. मावशी अजूनही कधी कधी एखादं नाव विसरतात, मग वळणावर थांबून शांतपणे आठवतात. सेक्रेटरींची किल्ली अजून आलेली नाही. ते लिफ्टने जातात.

मित्रांनो, मी दगडाचा आहे, मला फारसं काही लागत नाही. वळणावर अडगळ ठेवू नका, दिवा गेला तर बदला, एवढं पुरे. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही बसा" म्हणताना जरा थांबा. ते तुम्ही मायेनेच म्हणता, मला ठाऊक आहे. ज्यांना झेपत नाही त्यांना बसू द्या, डॉक्टरांना विचारा. ज्यांना थोडं झेपतं त्यांना मात्र तेवढं रोज करू द्या, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही चला, त्यांच्या चालीने. उद्या सकाळी आजी-आजोबांना विचारून बघा, "येता का, एक मजला चढूया?" नाही म्हणाले, तर परवा पुन्हा विचारा.