रविवारचा ओव्हरटाइम

तर झालं काय, पिंकीनं शहापूरच्या स्टँडवर नेहमीसारखंच केलं. डोळखांबकडची गाडी नीट उभी राहायच्या आधीच धावत गेली, खिडकीतून सॅक आत टाकली, मग गर्दीत कोपरं मारत चढली आणि सॅकच्या शेजारी जाऊन बसली. सॅक खिडकीशी, आपण बाजूला. कोणीतरी येऊन उभं राहिलं तर तिनं मानपण वर केली नाय. मोबाइलमध्ये बघत सरळ म्हणाली, "माणूस आहे इथं."

मग वर बघितलं, तर नथूकाका.

म्हणजे बघा, ती खिडकी वंदनाची. दर रविवारी पिंकीनं जागा धरायची आणि वंदनानं मागून आरामात यायचं, वर म्हणायचं, "उशीर केलास गो." आणि नथूकाका म्हणजे वंदनाचे वडील. आणि वंदना श्रावणात गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि कोणाला काय कळायच्या आत संपलं सगळं. म्हणजे पिंकीनं कोणाला सांगितलं, की इथं माणूस आहे? तिच्या बापाला.

पिंकीला वाटलं आता खाली उतरावं आणि घरी पळावं. तिनं घाईघाईत सॅक उचलली, "बसा ना काका, बसा." पण काका खिडकीशी बसले नायत. बाहेरच्या बाजूला टेकले, गुडघा हातानं उचलून आत घेतला, आणि पिंकीलाच सरकवलं तिकडं, खिडकीशी. 

हे सगळं सुरू झालं बुटांपासून. वंदनाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर एका संध्याकाळी नथूकाका भातसानगरहून पिंकीच्या दारात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत वंदनाचे कॅनव्हासचे बूट, तळव्याला ही लाल माती, वाळून दगड झालेली. पिंपाच्या मागं लपवलेले सापडले म्हणे. वंदना वासिंदला कंपनीत होती, घरी सांगायची रविवारचा ओव्हरटाइम आहे. काकांनी पिंकीकडं बघितलं आणि म्हणाले, "कंपनीत एवढा चिखल असतो काय गो?"

पिंकीनं सांगून टाकलं. की ओव्हरटाइम नव्हता. की आमी दोघी एसटीनं शेवटच्या स्टॉपला जायचो आणि चालायचो. शहापूरच्या गाडीनं जायचं, खिंड चढायची, पलीकडं मुरबाड तालुक्यात उतरायचं आणि मुरबाडच्या गाडीनं परत.

"मग तिकडं काय आहे?"

"काय नाय काका."

"कोणाला भेटायच्या?"

"कोणाला नाय."

"म्हणजे नुसतं चालायचं? पैसे देऊन जायचं, आणि चालायचं?"

"हो."

काकांनी बूट परत पिशवीत घातले. धरणावर नोकरी केलेला माणूस, शिस्तीचा, पोरीला एकटं फिरू देणार नाय म्हणजे नाय. मग म्हणाले, "आमच्या घरात काय कमी होतं गो, की तिला खोटं बोलून रानात जावं लागत होतं? मला ने एकदा. मला बघायचंय."

आता पिंकीला भीती कसली होती सांगू? की काका जातील, बघतील, तिथं खरंच काय नाय हे त्यांना दिसेल, आणि मग त्यांच्या डोक्यात एवढंच राहील की पोरगी खोटारडी होती. ते तिला नको होतं. म्हणून तर ती आली, नायतर एवढे गुडघे गेलेल्या माणसाला खिंडीत कोण नेईल?

शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाली. शेतं कापून झालेली, भाताच्या उडव्या रचलेल्या, बांधाबांधानं वालाची रोपं वर आलेली. पिंकी पुढं, काका मागं. काका चालता चालता विचारणार, "ही इथून जायची?" पिंकी म्हणणार, "हो." "ओढ्यातून?" "हो, बूट काढून." "मग बुटांना एवढा चिखल कसा?" "कधीकधी काढायचा कंटाळा करायची." काका म्हणाले, "घरी पण तसंच. चप्पल काढ म्हणून ओरडावं लागायचं." आणि स्वतः मात्र चपला हातात घेऊन ओढा ओलांडला.

चढ लागला तशी त्यांची वाट लागली. दहा पावलं जायचं, झाडाला धरायचं. पिंकी म्हणाली, काका परत फिरूया. तर म्हणाले, "तुझी मुरबाडची गाडी चुकंल म्हणून म्हणतेस, की मी मरंन म्हणून?" पिंकी म्हणाली, दोन्ही. तेव्हा जरासे हसल्यासारखे झाले, पण ते हसणं पुढं आलं नाय.

खिंडीच्या अलीकडं एक घर आहे, बुधीआजीचं. कुडाच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण. तिथं दोघी पाणी प्यायच्या, बसायच्या, आजीबरोबर टवाळक्या करायच्या. आता हे पिंकीच्या डोक्यातच आलं नव्हतं, शप्पथ, की बुधीआजीला काय माहीतच नाय. तिला कोण सांगणार? तिकडं रेंज नाय, आणि ह्या दोघींचा पत्ता पण तिला ठाऊक नाय.

आजीनं लांबूनच हाक मारली, "आलीस गो? पावसात हरवल्या त्या हरवल्याच. दुसरी कुठं टाकली?"

  पिंकीला कळत होतं की सांगायला पाहिजे, आणि बाजूला वंदनाचा बाप उभा आहे.

काका पुढं झाले. अंगणाच्या कडेला टेकले, घाम पुसला, आणि म्हणाले, "तिला ओव्हरटाइम आहे. कंपनीत रविवारचा ओव्हरटाइम असतो."

"आन तू कोण रे बाबा?"

"मी तिचा बाप."

बुधीआजी अशी हसली, तोंडावर पदर धरून. "अरं तूच काय तो! दर टायमाला, ही हंडा भरायला गेली का, तुझंच सांगायची. म्हणं, आमच्या बाबाचा गुडघा आन ताठा, दोन्ही वाकत नाय. पाऊस सरला की आणते म्हणली व्हती. हितं बसवते, खिंडीतून खाली दाखवते, मंग सांगते त्याला समदं. तवा काय तो ओरडंल, पण खाली उतरायला माझीच गरज लागंल ना, म्हणं."

काका हसले. खरंच हसले. पिंकीनं त्यांना श्रावणापासून हसताना बघितलं नव्हतं. आणि हसता हसताच ते उठून घराच्या मागं गेले, पाणी प्यायला म्हणून, खरं तर पाण्याचा हंडा पुढंच होता. बराच वेळ आलेच नायत. आजी म्हणाली, "दमला वाटतं." पिंकी म्हणाली, हो, चढ आहे ना.

निघताना आजीनं उकडलेले करांदे, रानातले कंद, पानात बांधून दिले. "तुमाला नाय, तिला. मीठ लावून खाते ती. गरम हायेत, घरी जाईस्तोवर राहतील." काकांनी दोन्ही हातांनी घेतले. म्हणाले, "देतो."

खिंडीत वारा होता. खाली मुरबाडकडची शेतं, रस्त्याची बारीक रेघ, एवढंच. काका दगडावर बसले. पिंकी वाट बघत होती की आता विचारतील, हेच का बघायला यायच्या. नाय विचारलं. नुसतं म्हणाले, "ती कुठं बसायची?"

"तुमी बसलात तिथंच."

उतरताना काकांनी पिंकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला.

मुरबाडची गाडी मिळाली, आणि रिकामी होती, जागा धरायचं काय कामच नाय. पिंकी पुढच्या सीटवर बसली. काका मागं, बाहेरच्या बाजूला. खिडकीची जागा मोकळी, तिच्यावर करांद्यांचं पान. पिंकीनं मागं वळून बघितलं आणि पटकन पुढं तोंड केलं.

दोन पाडे गेल्यावर बाजाराची माणसं चढली. गाडी भरली. एक बाई आली, कडेवर पोर, हातात पिशवी. काकांना म्हणाली, "इथं कोण आहे काय?"

 सकाळचं स्वतःचंच वाक्य आता पिंकीला परत ऐकायला लागणार होतं, आणि ते काकांनी म्हटलं असतं तर तिनं आख्ख्या गाडीशी भांडून ती जागा राखली असती, खरं सांगते.

 गाडीनं एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. बाई तशीच दांडा धरून उभी.

"नाय," काका म्हणाले. "कोण नाय. बसा."

आणि करांदे उचलून मांडीवर घेतले, गुडघा हातानं धरून उचलला, आणि स्वतः सरकले खिडकीशी. करांदे अजून कोमट होते. मुरबाड येईपर्यंत ते त्या पानावर हात ठेवून मागं सुटणाऱ्या खिंडीकडं बघत बसले.